ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो? असेंब्ली घेऊ नकोस, आधी अर्थिंग बघ

भावा, दोनदा बल्ब बदलले तरी ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटतो आणि इंडिकेटर लावला की टेल लाइटपण सोबत मिचमिचते, असं तू लिहिलंयस ना, मग बहुतेक अर्थिंगच (करंट गाडीच्या बॉडीत परत नेणारी वायर) गेलंय समज. मेकॅनिक अख्खी असेंब्ली (मागच्या लाइटचा पूर्ण सेट) बदला म्हणतोय, पण सध्या पैसे खिशातच ठेव.

होतं काय, बहुतेक गाड्यांत त्या बाजूच्या सगळ्या बल्बांची अर्थिंगची वायर एकच असते. ती गंजली की करंटला परत जायला वाट राहत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो, टेल लाइटच्या लाइनने दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथून बॉडीला मिळतो. म्हणून नको ते बल्ब पेटतात आणि जे पेटायला हवेत ते मेणबत्तीसारखे.

चेक करायला मल्टीमीटरसुद्धा नको. हातभर वायर घे, एक टोक डिकीतल्या स्वच्छ बोल्टला घासून लाव (रंगावर नको, उघड्या लोखंडावर), दुसरं होल्डरच्या अर्थिंगच्या पिनला, बहुतेकदा काळी वायर असते. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग. सगळं लख्ख पेटलं की चोर सापडला.

माझ्या जुन्या गाडीला ऐन पावसाळ्यात हेच झालं होतं, मीपण आधी बल्बच बदलत बसलो. शेवटी होल्डर काढला तर आत हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं, आणि लाइटच्या काचेखालचं रबर फाटून खाली चमचाभर पाणी साचलेलं. पॉलिश पेपरने घासलं, पिना थोड्या वर उचलल्या, व्हॅसलीनचं बोट फिरवलं, रबर नवीन टाकलं. रबर नाही बदललं तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

अजून एक, बल्ब टाकताना जोर लावला होतास का? टेल-ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो, २१ आणि ५ वॅटचा, त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या एकसारख्या उंचीवर नसतात, मुद्दामच. दुकानदाराने साधा २१ वॅटवाला दिला आणि तू तो दाबून बसवलास तर खालचे दोन्ही पॉइंट एकत्र होतात, मग असले चाळे चालू. काढून एकदा बघच.

इंडिकेटर एका बाजूलाच फटाफट फटाफट करत असेल तर तो वेगळा विषय, त्या बाजूचा बल्ब उडालाय किंवा कोणी एलईडी टाकलाय, त्याला करंट कमी लागतो म्हणून जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचमिचवणारा भाग) फसतो. आणि दोन्ही ब्रेक लाइट एकदमच गेल्या तर फ्युज बघ, मग पेडलवरचा स्विच.

आधी ती वायर लावून बघ आणि काय झालं ते इथे टाक, फोटो असेल तर होल्डरचा आतून काढ.