पाच नंबरच्या खालचे सेफ्टी शूज

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात ड्रिल मशीनवर काम करते. मला चार नंबरची चप्पल लागते. सेफ्टी शूजसाठी मी सातपूर आणि शालिमार भागातील पाच-सहा दुकाने पालथी घातली. सगळीकडे सहा नंबरपासून पुढचेच जोड होते, आणि एका दुकानदाराने "आत दोन सोल टाका, बसेल" असे सांगितले. बॉयलर सूटचीही तीच गत आहे. बाह्या दुमडाव्या लागतात आणि कमरेखाली तो आवळतो. लेडीजमध्ये माल येतच नाही, असे दुकानदार म्हणतात. हे खरे आहे का? मी काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दोन सोलांचा सल्ला आपण मानला नसेल अशी मला आशा आहे. आपल्याकडे बुटांसाठी जी इंग्लंडची मापपद्धत चालते, तिच्यात एका नंबरचा फरक म्हणजे लांबीत सुमारे साडेआठ मिलिमीटर. चार नंबरच्या पायात सहा नंबरचा बूट घातला, तर जवळजवळ 17 मिलिमीटर जागा मोकळी राहते, आणि सोल टाकल्याने पाय उचलला जातो, बुटाची लांबी काही कमी होत नाही. आयएस 15298 या भारतीय मानकानुसार सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीने 200 ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे 20 किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून पडले तरी बोटे वाचली पाहिजेत. पण त्यासाठी बोटे त्या टोपीच्या आत असावी लागतात. बूट मोठा असेल तर ती पुरती आत जात नाहीत, आणि उकिडवे बसल्यावर टोपीची मागची कड नेमकी बोटांवर रुतते.

नुसता नंबर लहान केल्यानेही भागत नाही. चवड्याच्या मानाने स्त्रीची टाच सहसा अरुंद असते, त्यामुळे पुरुषांच्या फर्म्यावर, म्हणजे बूट घडवण्याच्या पायाच्या साच्यावर, बेतलेला लहान बूट पुढे नीट बसला तरी मागे सैल राहतो. मी 19 वर्षे एका कारखान्याच्या भांडार विभागात काम केले आहे. जुळणी विभागातील एका मुलीने बुटाच्या टाचेत फोमचा तुकडा कापून बसवला होता आणि वर मोज्यांचे दोन जोड घातले होते. तरीही जिना उतरताना प्रत्येक पायरीला तिची टाच बुटातून वर येत होती आणि ती कठड्याला घट्ट धरून उतरत होती. त्या बुटांच्या मागणीपत्रावर "6 ते 10 नंबर" असे मीच लिहिले होते. कोणाचाही पाय न मोजता, मागच्या वर्षीच्या कागदावरून मी ते उतरवले होते, आणि त्याची खंत मला आजही आहे.

"माल येतच नाही" हे म्हणणे अर्धेच खरे आहे. स्त्रियांच्या फर्म्यावर बनवलेले, आयएसआय चिन्ह असलेले सेफ्टी शूज भारतात बनतात. ते आपल्या भागातील दुकानांपर्यंत पोचत नाहीत, कारण दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून ठरलेल्या नंबरांचा संच उचलतो आणि तीन-चार नंबरचे जोड अंगावर पडतील या भीतीने ते मागवतच नाही. आपल्यासारखी बाई येते, विचारते आणि रिकाम्या हाताने परत जाते. त्या विचारण्याची नोंद कोठेही होत नाही, म्हणून दुकानाच्या हिशेबात मागणी शून्यच राहते.

आता आपण काय करावे ते सांगते. संध्याकाळी, कामावर घालता तेच मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभ्या राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर दोन्ही पायांचे मिलिमीटरमध्ये मोजा. जो पाय मोठा असेल त्याचे माप धरा. ते माप लिहून कारखान्याकडे लेखी अर्ज द्या. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 114 प्रमाणे, त्या कायद्याने पुरवायच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या, व्यावसायिक सुरक्षेविषयीच्या 2020 च्या संहितेतही हेच तत्त्व आहे. आपण स्वतःच्या खिशातून शूज घ्यायला निघालात, याचेच मला अधिक वाईट वाटले. शक्य असेल तर आजूबाजूच्या कारखान्यांतील मैत्रिणींची मापे एकत्र करा. दहा-बारा जोडांची मागणी एकदम आली, तर तोच दुकानदार माल मागवेल. शूज हाती आल्यावर आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासून घ्या, कारण "लेडीज" म्हणून दाखवले जाणारे काही हलके, दिसायला नाजूक बूट कोणत्याही मानकात बसत नाहीत.

बॉयलर सूटच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : अखंड सूट घेण्यापेक्षा शर्ट आणि पँट असा दोन भागांचा पोशाख मागा. स्वच्छतागृहात जाण्यासाठी सगळा पोशाख खांद्यावरून उतरवावा लागू नये म्हणून कितीतरी बायका पाळीभर पाणीच पीत नाहीत, हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि त्याला कोणी सांगतही नाही. दुमडलेली बाही फिरत्या ड्रिलजवळ उलगडून अडकू शकते. ती शिंप्याकडून कापून, कफ पुन्हा बसवून, मनगटाशी बटण लावून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

प्रश्न : सातपूरला आमचे वडिलांच्या वेळेपासूनचे औद्योगिक सुरक्षा साहित्याचे दुकान आहे. स्त्री ग्राहक वाढतील म्हणून गेल्या वर्षी मी गुलाबी हेल्मेट आणि गुलाबी जॅकेट मागवली, बाहेर मोठा फलकही लावला. माल अजून पडून आहे. चूक कोठे झाली?
— एक दुकानदार, नाशिक

उत्तर : आपण हा विचार केलात, याबद्दल आधी आपले मनापासून अभिनंदन करते. आपण रंग बदललात, पण माप तेच राहिले. अनेक कारखान्यांत हेल्मेटच्या रंगावरून हुद्दा किंवा विभाग ओळखला जातो, त्यामुळे गुलाबी हेल्मेट तेथे वापरताच येत नाही. जॅकेट पुरुषांच्याच बेताचे असेल, तर खांद्यावरून ओघळणारे आणि नितंबांवर आवळणारे कापड गुलाबी झाल्याने अंगाला बसत नाही. फलकावर कोणते चित्र होते ते आपण लिहिलेले नाही, पण अशा जाहिरातींत केस मोकळे सोडलेली, कोरे हेल्मेट घातलेली, हाताची घडी घालून हसणारी मुलगी हमखास असते. यंत्रावर काम करणाऱ्या बाईला ते चित्र पाहताक्षणी कळते की, हे दुकान आपल्यासाठी नाही. मोकळे केस यंत्राजवळ किती घातक असतात, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलेले असते.

दुकानात तीन, चार आणि पाच नंबरचे निदान दोन-दोन जोड कायम ठेवा आणि मगच फलक लावा. त्यावर चित्राऐवजी "3 नंबरपासून सेफ्टी शूज मिळतील" एवढे ठळक अक्षरांत लिहिले तरी पुरे. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि जे माप मागितले गेले पण दुकानात नव्हते, ते त्याच वेळी लिहा. महिन्याभरानंतर घाऊक व्यापाऱ्याशी बोलताना ती वही आपल्याला उपयोगी पडेल. कपडे घालून पाहण्यासाठी आतून कडी लागणारी, आरसा असलेली जागा करा. पडदा पुरत नाही. उंचीवर काम करताना अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा विकत असाल तर छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यांची जागा बदलता येते का, ते पाहूनच माल घ्या. हेल्मेट दाखवताना केसांचा अंबाडा हेल्मेट घट्ट-सैल करणाऱ्या मागच्या चक्रीच्या खाली बसतो का, तेही ग्राहकाला घालून पाहू द्या.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. बाई सोबत कोणाला घेऊन आली असेल, तर माप, काम आणि यंत्र याबद्दल तिलाच विचारा. सोबतच्या भावाला किंवा सुपरवायझरला विचारले की ती गप्प राहते, आणि मग चुकीचा माल जाऊन परत येतो.

प्रश्न : आमच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या हंगामात साठ बायका असतात. हातमोजे सैल पडतात आणि कात्रीने मोज्यांच्या बोटांची टोके कापली जातात. कोणते माप मागवावे?
— एक वाचक, निफाड

उत्तर : अंगठा सोडून तळहाताभोवती टेप गुंडाळा. जो घेर इंचांत येईल, साधारणपणे तोच हातमोज्याचा नंबर; 178 मिलिमीटर म्हणजे सात, 203 मिलिमीटर म्हणजे आठ. आपल्याकडे बहुधा नऊ किंवा दहा नंबर येत असावेत, म्हणूनच बोटांपुढे रिकामे टोक राहते आणि कात्री त्यात शिरते. हंगामापूर्वी साठही जणींचे हात मोजून घ्या आणि त्या संख्येप्रमाणेच सहा, सात, आठ अशी विभागून मागणी नोंदवा. "सर्वांना एकच माप" असे लिहिलेला माल घेऊ नका.