पश्चिम सहारात 1992 मध्ये सार्वमत व्हायचं होतं, ते आजवर का झालं नाही?

तुमच्या प्रश्नात असंही आहे की, ‘मोरोक्कोने नकार दिला एवढंच कारण आहे का?’ नकार आला खरा, पण तो बराच नंतर. त्याआधीची आठ-नऊ वर्षं सगळं गाडं मतदारयादीत रुतून बसलं होतं. मत देण्याचा हक्क कोणाला, हे ठरलं की निकालही ठरणार होता. हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मागचं जेवढ्यास तेवढं सांगतो. 1975 च्या नोव्हेंबरात मोरोक्कोने साडेतीन लाख नागरिकांचा ‘हरित मोर्चा’ आपल्या दक्षिणेच्या स्पॅनिश सहारात, म्हणजे स्पेनची वसाहत असलेल्या आजच्या पश्चिम सहारात, घुसवला. काही दिवसांतच स्पेनने माद्रिदमध्ये करार करून कारभार मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या हाती दिला. तिथल्या मूळच्या लोकांची, म्हणजे सहरावींची, स्वातंत्र्य मागणारी पोलिसारिओ संघटना दोघांशीही लढली. लढाईतून पळालेले हजारो लोक अल्जीरियात तिंदूफजवळच्या वाळवंटात तंबू ठोकून राहिले, आणि त्यांची नातवंडं आजही तिथेच आहेत. 1979 मध्ये मॉरिटानियाने अंग काढून घेतलं. पुढे मोरोक्कोने वाळू-दगडांचा सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा बांध घालून प्रदेशाचे दोन भाग केले. त्याच्या कडेने सुरुंग पेरले. 6 सप्टेंबर 1991 रोजी शस्त्रसंधी लागू झाली. संयुक्त राष्ट्रांचं ‘मिनुर्सो’ हे पथक आलं आणि जानेवारी 1992 मध्ये मतदान घ्यायचं ठरलं. पर्याय दोनच होते: स्वातंत्र्य किंवा मोरोक्कोत विलीनीकरण.

आता यादी. हाताशी एकच कागद होता: स्पेनने 1974 मध्ये केलेली शिरगणती, साधारण 74 हजार सहरावींची. पोलिसारिओचं म्हणणं, हीच यादी घ्या, मेलेल्यांची नावं काढा, वयात आलेली मुलं घाला आणि मतदान उरका. मोरोक्कोचं म्हणणं, ही गणती अपुरी आहे. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. सहरावी हे उंटांमागे फिरणारे लोक, पावसाप्रमाणे मुक्काम हलवणारे. 1958 मध्ये स्पेन आणि फ्रान्सच्या संयुक्त लष्करी मोहिमेत अनेक कुटुंबं उत्तरेला मोरोक्कोत पळाली. त्याच वर्षी तारफायाचा पट्टा मोरोक्कोला मिळाला आणि तेकना जमातीची माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. त्यामुळे शिरगणतीच्या दिवशी जो तिथे होता तोच सहरावी, ही व्याख्या तोकडीच होती. पण याच फटीतून मोरोक्कोने सुमारे 1,20,000 जादा नावं पुढे केली आणि हजारो माणसं उत्तरेतून आणून एल आयून या तिथल्या मुख्य शहराजवळच्या तंबूवस्त्यांत बसवली. मग अडचण प्रामाणिक राहिली नाही.

डिसेंबर 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव पेरेझ द क्वेयार यांनी पात्रतेचे पाच निकष मांडले. पहिला, नाव 1974 च्या गणतीत असणं. दुसरा, त्या वेळी तिथे राहत असूनही मोजणीत सुटलेला असणं. तिसरा, या दोघांच्या जवळच्या कुटुंबातला असणं. चौथा, वडिलांचा जन्म त्या प्रदेशातला असणं. पाचवा, 1 डिसेंबर 1974 पूर्वी सलग सहा वर्षं किंवा तुटक-तुटक मिळून बारा वर्षं तिथे राहिलेला असणं. चौथ्या-पाचव्याने यादीचं दार सताड उघडलं, म्हणून पोलिसारिओ भडकली. ज्या समाजात जन्मदाखला हा प्रकारच नव्हता, तिथे ‘बारा वर्षं तुटक-तुटक’ सिद्ध कसं करायचं?

उत्तर निघालं तोंडी साक्षीचं. पडताळणी 28 ऑगस्ट 1994 ला सुरू झाली. पद्धत अशी: अर्जदाराने फॉर्म भरायचा, आपली जमात आणि पोटशाखा सांगायची, मग बोलावणं आलं की केंद्रावर हजर व्हायचं. टेबलाशी त्याच पोटशाखेचे दोन शेख, म्हणजे जाणते म्होरके, बसलेले, एक मोरोक्कोच्या बाजूचा, एक पोलिसारिओच्या. शिवाय दोन्ही पक्षांचे आणि आफ्रिकी एकता संघटनेचे निरीक्षक. बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न. मग शेखांनी सांगायचं, ‘हा अमक्याचा मुलगा, ओळखतो’ किंवा ‘नाही ओळखत’. निकाल मिनुर्सोच्या पडताळणी आयोगाचा, पण जागच्या जागी जाहीर करायचा नाही.

कागदावर हे ठीक दिसतं. खरी मेख दोन शेखांच्या अटीत होती. एका बाजूने आपला शेख पाठवला नाही, की त्या पोटशाखेचं काम ठप्प. म्हणजे नकार न देताही नकार देता येत होता, आणि तो हक्क दोघांनीही वापरला. त्यात अरबी नावांचं रोमन लिपीतलं रूप प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाने लिहिलेलं, त्यामुळे एकाच माणसाची तीन स्पेलिंगं.

सगळ्यात चिघळलेला भाग होता तीन गटांचा. आयोगाच्या कागदपत्रांत ते एच-41, एच-61 आणि जे-51/52 अशा सांकेतिक क्रमांकांनी येतात. स्पॅनिश गणतीत ‘उत्तरेकडच्या जमाती’, ‘किनाऱ्याच्या आणि दक्षिणेकडच्या’ अशी मोघम शीर्षकं होती. त्यांत मुळात मोजकी माणसं होती, पण अर्ज आले हजारोंनी, आणि बहुतेक मोरोक्कोत राहणाऱ्यांचे. पोलिसारिओने या गटांसाठी शेख द्यायचं नाकारलं. मे 1996 मध्ये पडताळणी स्थगित झाली. 1997 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी ह्यूस्टनमध्ये तडजोड घडवली: या गटांना कोणी बोलावून आणायचं नाही, स्वतःहून येतील त्यांना अडवायचं नाही. डिसेंबरात काम पुन्हा सुरू झालं.

पुढचे आकडे नीट बघा, सगळी गोष्ट त्यांत आहे. वाद नसलेल्या गटांतले 1,47,249 जण तपासले, पात्र ठरले 84,251. वादग्रस्त तीन गटांतले 51,220 तपासले, पात्र ठरले फक्त 2,135. पहिल्यांत शंभरातले 57 टिकले, दुसऱ्यांत जेमतेम चार. एकूण यादी 86,386 ची झाली, म्हणजे पाव शतकानंतरही स्पॅनिश गणतीच्या फारशी पुढे गेली नाही. माझ्या मते मोरोक्कोसाठी सार्वमत ही यादी आली तेव्हाच संपलं. अशा यादीवर मतदान म्हणजे स्वातंत्र्याचा कौल येण्याचा धोका उघड होता.

पण तसं म्हणायची गरज नव्हती, अपील होतंच. सुमारे 1,30,000 अपिलं आली, म्हणजे अपात्र ठरलेल्यांच्या एकूण संख्येहूनही जास्त, कारण पात्र ठरलेल्यांविरुद्धही हरकती होत्या. बहुतेकांचा आधार काय, तर नवीन साक्षीदार. म्हणजे पुन्हा शेख, पुन्हा तेच टेबल. फेब्रुवारी 2000 मध्ये तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की हे असंच चाललं तर 2002 पूर्वी मतदान शक्य नाही, आणि निकाल एखाद्या पक्षाने मानला नाही तर तो लादायची सोय योजनेत मुळातच नाही.

त्यानंतर बेकरांनी 2003 मध्ये दुसरी योजना आणली. आधी चार-पाच वर्षं स्वायत्तता, मग सार्वमत. मतदार कोण, तर यादीतले सहरावी, शरणार्थी, शिवाय 30 डिसेंबर 1999 पासून तिथे राहणारे सगळे, म्हणजे मोरोक्कोतून येऊन वसलेलेही. पोलिसारिओने सगळ्यांना चकित करत ती स्वीकारली, मोरोक्कोने धुडकावली. कारण स्वातंत्र्याचा पर्याय मतपत्रिकेवर अजून होता. तुम्ही म्हणता तो नकार हा. 2007 पासून मोरोक्को फक्त स्वायत्ततेवर बोलतो, आणि 31 ऑक्टोबर 2025 च्या ठरावात सुरक्षा परिषदेनेही तोच प्रस्ताव चर्चेचा पाया धरला.

भारताची भूमिका काय, हेही विचारलंत म्हणून: आपण 1985 मध्ये पोलिसारिओने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि 2000 मध्ये ती काढून घेतली. खताच्या कारखान्यांना लागणारं फॉस्फेट आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिड आपण मोरोक्कोकडून मोठ्या प्रमाणावर घेतो, हे त्या जोडीला वाचा.