आधी लेकीशी बोला, क्लासचं मग बघू

नमस्कार भाऊ,

घाटंजी तालुक्यातून आलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. लेकीनं डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोन वेळा दिली; आधी 310 गुण, मग 328. तिसऱ्या खेपेला नागपूरचा क्लास लावायचा म्हणून तुम्ही एक एकर विकायला काढलं. तेवढ्यात तिनं वाचनालयातून एका मुत्सद्द्याच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक आणलं, आफ्रिकेतल्या नामिबिया देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींवरचं, आणि ‘मला हेच काम शिकायचं आहे’ म्हणाली. तुम्ही पुस्तक कपाटात घालून कुलूप लावलं. आता विचारता, हे खूळ कसं उतरवू?

गुणांची मला फार काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तिसऱ्या पानावरच्या ओळीची: ‘पोळ्यापासून तिच्याशी बोलणं बंद आहे.’ म्हणजे एकाच वावरात दोघं कापूस वेचता आणि निरोप तिच्या आईमार्फत जातात. भाऊ, एकोणीस वर्षांची पोर दोनदा अपयश आल्याचं ओझं घेऊन फिरते आहे, त्यात बापाचा अबोला. हे आधी थांबवा. क्लास, जमीन, पुस्तक सगळं त्यानंतर.

पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंत की तीन वर्षं गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होता आणि धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, कितीतरी वाद मिटवले. मग तुम्हाला मी काय सांगू? वाद आला की तुम्ही दोघांना वेगवेगळं ऐकून घेता, वावरात जाऊन धुरा पाहता, मोजणीचा कागद मागता, आणि कोणाची मान खाली जाणार नाही अशी वाट काढता. एकाचंच ऐकून निकाल दिलात तर गाव तुम्हाला परत बोलावणार नाही. ‘बैठक असली की तीच चहा आणून द्यायची,’ असंही तुम्हीच लिहिलंय. तिनं ते सगळं ऐकलंय. मला वाटतं, ओट्यावर पाहिलेलंच काम तिला त्या पुस्तकात भेटलं.

तुमचं एक वाक्य मात्र मला खोडायचं आहे: ‘बोलून कोणता देश सुटला?’ नामिबियाचंच घ्या. तिथं दक्षिण आफ्रिकेच्या ताब्याविरुद्ध 1966 पासून सशस्त्र लढा चालू होता आणि त्या लढ्याचं मोल मी कमी करत नाही. पण दक्षिण आफ्रिकेनं ताबा सोडायचा कसा, निवडणूक घ्यायची कोणी, सैन्य मागं जायचं कधी, हे कागदावर आलं ते 1978 च्या संयुक्त राष्ट्रांच्या 435 क्रमांकाच्या ठरावात. तो अमलात यायला 1989 उजाडलं. पहिल्याच दिवशी, 1 एप्रिलला, सीमेवर लढाई पेटली, शेकडो माणसं मेली, आणि आठवडाभरात पुन्हा बोलणी करून गाडी रुळावर आणावी लागली. नोव्हेंबरात निवडणूक झाली. तो लढा देणाऱ्या स्वापो पक्षाला 72 पैकी 41 जागा मिळाल्या, म्हणजे एकट्यानं राज्यघटना करण्याइतकं दोन तृतीयांश बळ नव्हतं. मग विरोधकांसोबत बसून, एकमतानं घटना झाली. 21 मार्च 1990 ला देश स्वतंत्र झाला. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे प्रमुख आपले निवृत्त लेफ्टनंट जनरल दिवान प्रेमचंद होते. बोलणं म्हणजे गोड बोलणं, असं समजू नका. तुमच्या धुऱ्याच्या वादासारखंच ते काम आहे, फक्त बारा-बारा वर्षं चालणारं.

संयुक्त राष्ट्रांच्या त्या नामिबिया मोहिमेचे मुख्य मार्ती आहतीसारी फिनलंडचे. लहानपणी युद्धामुळे त्यांच्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले, 1960 मध्ये कराचीला कामाला गेले आणि परराष्ट्र खात्यात त्यानंतर आले. 2008 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. हे लेकीसाठीही लिहितोय: पहिल्या दिवशी कोणी शांतता करार करायला पाठवत नाही. आणि भारतीय राजदूत आपल्या सरकारची बाजू मांडतो, तिऱ्हाईत मध्यस्थ नसतो. हा फरक तिनं नीट समजून घ्यावा.

वाट साधी आहे. इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बीए, मग परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससी. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. कायद्याचं शिक्षणही चालेल. नाही निवड झाली तरी पदवी हातात राहते. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही हे तिला विचारा, पण अठरा गुणांच्या वाढीवर जमीन विकू नका. हे मी स्पष्टच सांगतो. ते एकर तुमचं आहे तसं तिच्या आईचं आणि धाकट्याचंही आहे.

आणखी एक गोष्ट. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की दोन महिने ती शब्दकोश घेऊन रात्री तेच पुस्तक वाचत होती. जिची इंग्रजी कच्ची म्हणून तुम्हाला चिंता होती, त्या पोरीनं अख्खं इंग्रजी पुस्तक कोणी न सांगता वाचून काढलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे मी क्वचित पाहतो.

कुलूप काढा. पुस्तक वाचनालयाचं आहे, मुदत वाढवून घ्या. एका संध्याकाळी तिला म्हणा, यातलं एक प्रकरण मला मराठीत सांग. मधे बोलू नका. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. तुमची बाजू मी ऐकली, तिची अजून ऐकायची आहे.