स्पॅनिशमधलं रेग्युलर क्रियापद सगळ्या काळांत कसं चालवायचं? तक्ते पाठ आहेत पण बोलताना गोंधळ होतो

तुम्ही लिहिलंय की आर, एर आणि ईर या तिन्ही गटांचे तक्ते पाठ आहेत, कागदावर धडाधड उतरवता येतात, पण बोलायला तोंड उघडलं की कुठला काळ लावायचा तेच सुचत नाही. मी स्पॅनिश शिकवते आणि माझ्या वर्गात निम्म्या लोकांची हीच तक्रार असते. कारण साधं आहे हो, पुस्तकं इंग्रजीतून असतात, मग आपण डोक्यात मराठी, त्याचं इंग्रजी, त्याचं स्पॅनिश असं तीन गाड्या बदलत जातो, आणि नेमकं क्रियापदाच्या बाबतीत इंग्रजी अगदीच कुचकामी, तिथे फारसं काही चालवावंच लागत नाही. मराठीत लागतं. म्हणून सरळ मराठीवरून चालवा.

आब्लार घेऊया, म्हणजे बोलणे. (स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच असतो, तो मुका.) शेवटचा आर उडवला की उरलं आब्ल, आता त्याला शेपट्या लावायच्या: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. तू च्या रूपाला शेवटी स आहे बघा, आपल्या बोलतोस-बोलतेससारखाच. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर द्विवचन सोडून वदामि, वदसि, वदति, वदामः, वदथ, वदन्ति म्हणून बघा, तू चा स, आम्हीचा म, ते चा न, सगळे जागच्या जागी, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. त्यामुळे या शेपट्या तुम्हाला अर्ध्या आधीच येतात असं समजा. शिवाय बोलतो-बोलते ही भानगड तिथे नाहीच, बाई बोलो की पुरुष, आब्लो ते आब्लो. आणि आपण जसं नुसतं "येतेस का?" म्हणतो, तू म्हणत नाही, तसंच तिथेही सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात, सारखं यो यो (मी मी) करत बसू नका, कानाला फार खटकतं.

कोमेर (खाणे, जेवणे) असेल तर आ च्या जागी ए: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बिबीर (राहणे, जगणे) जवळपास तसंच, फक्त आम्ही आणि तुम्हीला बिबीमोस, बिबीस. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांशीच बोलायचं असेल तर हे तुम्हीचं आब्लाइस-कोमेइस प्रकरण ओळखता आलं तरी पुरे, तिकडे उस्तेदेस म्हणतात आणि त्याला ते चंच रूप लावतात. एकवचनातल्या आदरार्थी उस्तेदलाही तो चं रूप. मूळ शब्दप्रयोग होता बुएस्त्रा मेर्सेद, म्हणजे "आपली कृपा" अशा थाटाचा, तोच झिजून उस्तेद झाला, म्हणून तृतीय पुरुष. आपण समोरच्यालाच "साहेब जेवणार का?" विचारतो ना, तसं.

आता भूतकाळ, खरा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन साधे भूतकाळ आहेत. एक: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. दुसरा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. इंग्रजीत दोन्हीला बऱ्याचदा एकच रूप येतं, त्यामुळे पुस्तकात पानंच्या पानं नियम देतात, कधी हा कधी तो, आणि मुलं ते नियम पाठ करत बसतात. मराठी माणसाला याची गरजच नाही! पहिला म्हणजे "बोलले", घडलं आणि संपलं. दुसरा म्हणजे "बोलायचे" किंवा "बोलत होते". वाक्य बघा: आब्लाबा कोन मी माद्रे क्वान्दो येगोऽ पेद्रो. आईशी बोलत होते तेवढ्यात पेद्रो आला. बोलत होते ला आब्लाबा, आला ला येगोऽ. किंवा बाबा रोज फोनवर बोलायचे, आब्लाबा, त्या दिवशी मात्र दोनच मिनिटं बोलले, आब्लोऽ. मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणा, -त होते किंवा -यचे आलं की बा वाला लावा. शंभरातली सगळीच वाक्यं यात बसतील असं म्हणत नाही, पण बोलताना अडणार नाही एवढं नक्की.

कोमेरला पहिल्यात कोमीऽ, कोमीस्ते, कोमिओऽ, कोमीमोस, कोमीस्तेइस, कोमिएरोन आणि दुसऱ्यात बा च्या जागी ईआ: कोमीआ, कोमीआस वगैरे. बिबीर डिट्टो.

वर मी जोर दाखवायला ऽ टाकलाय तो सोडून देऊ नका. आऽब्लो म्हणजे मी बोलते, आब्लोऽ म्हणजे तो बोलला. माणूस बदलला, काळ बदलला, फक्त जोर कुठे दिला त्यावर. आपल्याला मराठीत असा जोर द्यायची सवय नाही, सपाट बोलतो, म्हणून इथे मार्क जातात, आणि समोरचा गोंधळतो ते वेगळंच. तक्ता वाचून उपयोग नाही, मोठ्याने म्हणायचा, जोराच्या अक्षरावर हात आपटून म्हणा हवं तर.

भविष्यकाळ सगळ्यात सोपा. इथे आर काढायचा नाही, पूर्ण शब्दालाच शेपूट: आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेऽमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन. तिन्ही गटांना याच शेपट्या. आणि या शेपट्या म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आबेर या सहाय्यक क्रियापदाचा वर्तमानकाळ आहे (ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन; आबेइसचं इथे नुसतं एइस उरलं), शतकानुशतकं मागे चिकटून चिकटून एक झालेला. तोच सुटा ठेवून पुढे आब्लादो (बोललेलं) लावलं की ए आब्लादो, म्हणजे "बोललेय". म्हणजे एक तक्ता पाठ करून दोन काळ पदरात. स्पेनमध्ये बरेच लोक आजचं काही सांगताना ओय ए कोमीदो म्हणतात, "आज जेवलेय" च्या चालीवर, मेक्सिकोत सरळ ओय कोमीऽ.

रोजच्या बोलण्यात मात्र भविष्यासाठी बोय आ आब्लार जास्त ऐकू येईल, आपल्या "बोलणार आहे" सारखं. मग आब्लाराऽ वगैरे कुठे? एक तर वचनं, अंदाज असल्या ठिकाणी, आणि दुसरं म्हणजे आपल्या "असेल" च्या जागी. सेराऽन लास दोस म्हणजे दोन वाजले असतील. एस्ताराऽ एन कासा, घरी असेल. हे मराठी मुलांना एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही.

त्याच पूर्ण शब्दाला ईआ जोडला की आब्लारीआ, "मी बोलले असते", "मी बोलेन (पण...)" असा जर-तरचा सूर. कोमीआ आणि कोमेरीआ यात घोळ होत असेल तर मधला र ऐका, तो असला की जर-तर.

राहिला सुबखुन्तीबो, ज्याला सगळे उगाच घाबरतात. आपल्याकडे "बोलावं" आहे ना, तोच तो, व्याकरणात ज्याला विध्यर्थ म्हणतो. क्येरो के आब्लेस, तू बोलावंस असं मला वाटतं. इथेही स आहे बघा, बोलावंस, आब्लेस! करायचं एवढंच की आर गटाला आ च्या जागी ए (आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन) आणि बाकी दोघांना उलट आ (कोमा, कोमास, बिबा, बिबास). "बोलू नकोस" पण यातूनच, नो आब्लेस. जोर परत सांभाळा, आऽब्ले म्हणजे त्याने बोलावं आणि आब्लेऽ म्हणजे मी बोलले.

भूतकाळातला सुबखुन्तीबो ते च्या रूपावरून निघतो, आब्लारोन मधला रोन काढून रा: आब्लारा. सी आब्लारा कोन एया म्हणजे तिच्याशी बोलले तर, आणि मग पुढच्या वाक्यात तो आब्लारीआ वाला ईआ. याला सध्या हात नाही लावलात तरी चालेल, आधी वरचं तोंडात बसू दे.

आणि तोकार (स्पर्श करणे, वाजवणे) चं तोकेऽ लिहिताना स्पेलिंग बदलतं म्हणून ते इर्रेग्युलर असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, उच्चार ठेवण्यासाठी केलेली ती लेखनातली सोय आहे, आपल्या लिपीत लिहिलं तर काहीच बदलत नाही. खरोखरचे इर्रेग्युलर वेगळे, पण बा-ईआ वाल्या काळात तेही फक्त तीनच: सेर (असणे), ईर (जाणे), बेर (पाहणे). एरा, ईबा, बेईआ. एवढी तीन वेगळी पाठ करून टाका.