कोयनेल म्हणजे नक्की कोणती गोळी?

प्रश्न असा आहे: यवतमाळकडच्या खेड्यांत म्हातारी माणसं मलेरियाच्या कुठल्याही गोळीला 'कोयनेल' म्हणतात. पुस्तकात 'क्विनीन' वाचलं होतं, हिंदी बोलणारे 'कुनैन' म्हणतात. हे तिन्ही एकच का? कोयनेलमधला 'ल' आला कुठून? आणि आशाताई हिवतापाच्या म्हणून गोळ्या देतात, त्यांना कोयनेल म्हटलं तर काही बिघडतं का?

तिन्ही एकच. मूळ शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला 'किना', म्हणजे झाडाची साल. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'क्विना' असं लिहायला योग्य रूप केलं, उच्चार मात्र 'किना'च ठेवला. 1820 साली पॅरिसमध्ये पेलेत्ये आणि कावाँतू या दोन औषधतज्ज्ञांनी सालीतलं कडू द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'किनीन' म्हटलं. इंग्रजीने त्याचं 'क्विनाइन' केलं. हिंदीचं कुनैन आणि आपलं कोयनेल ही याच शब्दाची बोलण्यात घासलेली रूपं.

'ल' अगदी मराठी वळणाचा आहे. दोन अनुनासिकं जवळजवळ आली की बोलणारा एकाचा 'ल' करून मोकळा होतो. नवनीताचं लोणी असंच झालं, खेड्यात नंबराचा लंबर असाच होतो. क्विनाइनमध्ये दोन 'न' होते. पहिला टिकला, दुसरा गेला. वऱ्हाडात लिंबाला निंबू म्हणतात, तिथे 'न' हवासा वाटतो आणि इथे नकोसा, ही गंमत वेगळी.

ही साल देणाऱ्या झाडाचं नाव सिंकोना. ते पेरूच्या व्हाइसरॉयच्या पत्नीवरून, चिंचोनच्या काउंटेसवरून पडलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1742 मध्ये नाव देताना एक अक्षर गाळलं ते गाळलंच. या सालीने काउंटेसचा ताप बरा झाला ही गोष्ट मात्र खोटी ठरली आहे, तरी पाठ्यपुस्तकांतून ती हटत नाही. आपल्याकडे ही झाडं 1860 नंतर आली, क्लेमंट्स मार्कहॅम या इंग्रजाच्या मोहिमेतून: आधी निलगिरीत, मग दार्जिलिंगजवळच्या मुंगपूला. निलगिरीत वाढलेल्या तांबड्या सालीत क्विनीन कमी आणि बाकीची द्रव्यं जास्त. भरपूर क्विनीन देणारं बोलिव्हियाचं बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडून डचांच्या हाती लागलं, त्यामुळे पुढे जगाचा बाजार त्यांच्या ताब्यातल्या जावा बेटाने धरला. 1942 मध्ये जपानने जावा घेतल्यावर क्विनीनची टंचाई झाली आणि कारखान्यात बनणाऱ्या गोळ्यांना जोर आला.

पण शब्द खेड्यापर्यंत पोचला तो टपालामुळे. बंगालमध्ये 1892 पासून टपाल कचेरीत एका पैशाला क्विनीनची 5 ग्रेनची, म्हणजे साधारण 325 मिलिग्रॅमची, पुडी मिळू लागली आणि ही पद्धत मग इतर प्रांतांत पसरली. पुडी विकणारा डॉक्टर नव्हता आणि घेणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. शब्द घासून गुळगुळीत व्हायला आणखी काय लागतं?

चवीचं सांगायचं तर क्विनीनचा हायड्रोक्लोराइड क्षार दोन लाख भाग पाण्यात एक भाग असला तरी जिभेला कळतो. सल्फेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जुने कंपाउंडर सौम्य गंधकाम्लाचे थेंब टाकून मिक्श्चर करत. त्याने ते विरघळे आणि अधिकच कडू लागे. म्हणून गोळीवर साखरेचा थर आला. बोधप्रद लिखाणाला 'साखरेत घोळलेलं कोयनेल' म्हणतात तो वाक्प्रचार इथला. फक्त कडू आहे म्हणून काडेचिराईत, गुळवेल, कडुनिंब किंवा सातविणीची साल म्हणजे 'देशी कोयनेल' असं म्हणणारे भेटतात. यांपैकी एकातही क्विनीन नाही. कडूपणा हा गुणधर्म आहे, ओळखपत्र नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे बिघडतं. क्लोरोक्विन, प्रायमाक्विन या नावांतलं 'क्विन' सरळ कोयनेलमधून आलेलं नाही. क्विनीनसारखी द्रव्यं अल्कलीबरोबर तापवून 'क्विनोलीन' नावाचं द्रव्य मिळालं, आणि त्या सांगाड्यावर पुढे रचलेल्या औषधांना हे शेपूट चिकटलं. नात्यातली आहेत, पण कामं निरनिराळी.

'मले हिव वाजून रायलं' असं म्हणणाऱ्या माणसाचं रक्त तपासल्यावर व्हायवॅक्स जातीचा मलेरियाचा जंतू निघाला, तर मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या 150 मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दिवशी 4, दुसऱ्या दिवशी 4, तिसऱ्या दिवशी 2. त्याबरोबर प्रायमाक्विन 15 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. क्लोरोक्विन काय आणि खरं कोयनेल काय, रक्तातले जंतू मारतं. यकृतात दडून बसलेल्यांना हात लावत नाही. ते काम प्रायमाक्विनचं. घरात दोन्हींना 'कोयनेल' म्हटलं की तीन दिवसांत ताप उतरतो, 'कोयनेल झालं' म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर जातात आणि काही आठवड्यांनी ताप पलटतो. मग दोष कोयनेलला. शिवाय प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या रक्तपेशी जपणाऱ्या द्रव्याची कमतरता असलेल्याची लघवी त्याने काळपट होऊ शकते. तसं झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. गोळीचं नाव ठाऊक नसेल तर हे डॉक्टरला सांगणार कसं?

फाल्सिपेरम ही जंतूची दुसरी, जास्त घातक जात निघाली तर गोष्ट आणखी दूर जाते. गडचिरोली, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात याचाच धाक जास्त. त्यावर आर्टेसुनेट असलेली तीन दिवसांची जोडगोळी देतात, आणि आर्टेसुनेटचा सिंकोनाशी काहीही संबंध नाही. रोगी बेशुद्ध, झटके येणारा असेल तर आर्टेसुनेटचं इंजेक्शन. भारतासह चार देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन दिलेल्या गंभीर रुग्णांपैकी 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी 15 टक्के. तिथून खऱ्या कोयनेलचा मान उतरला.

ते संपलं मात्र नाही. आर्टेसुनेट हाताशी नसेल तेव्हा अजून लागतं. किलोला 10 मिलिग्रॅम, दर 8 तासांनी, 7 दिवस, आणि जोडीला डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन. कान वाजतात, डोकं दुखतं, मळमळतं. कान वाजू लागले म्हणजे मात्रा लागू पडली असं जुने डॉक्टर धरत. खरी भीती रक्तातली साखर घसरण्याची, गरोदरपणात तर फारच. म्हणून सलाइनमधून देताना ग्लुकोजच्या पाण्यात, सावकाश, चार तास घेऊन. झटकन शिरेत सोडलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. कुल्ल्यावर टोचलेल्या क्विनीनने गळू होतात, नस दुखावून पाय लुळा पडल्याचीही उदाहरणं आहेत. 'कोयनेलची सुई' या शब्दांना जुन्या लोकांत जी धास्ती होती, ती उगीच नव्हती.

तेव्हा बोलताना खुशाल कोयनेल म्हणा, कथेत म्हाताऱ्याच्या तोंडी तर तेच शोभतं. पण आशाताईंना, डॉक्टरांना सांगताना किंवा घरात कागदावर लिहून ठेवताना पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम जसंच्या तसं उतरवा. 

कोयनेल या शब्दाच्या लिंगाचंही विचारलं जातं: औषध मनात असेल तर ते कोयनेल, गोळी मनात असेल तर ती कोयनेल. 'कोयनेल कडू असतं' आणि 'कोयनेल गिळली' ही दोन्ही वाक्यं चालतात.