आयटीआय टर्नर करून पहिल्यांदाच कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून जातोय. मशीनवर काम करताना जिवाला-हातापायाला धोका होऊ नये म्हणून काय लक्षात ठेवू?

टर्नरचा कोर्स झालाय, पुढच्या महिन्यात चाकणला लागतोयस, आणि मामाचं बोट प्रेसमध्ये गेलेलं असल्यामुळे आई घाबरली आहे, असं तू प्रश्नाखाली लिहिलंयस. वयाने माझ्या मुलाएवढा असशील म्हणून अरे-तुरेच करतो. माझी सगळी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये गेली आणि नवीन पोरांना मशीनवर उभं करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच होतं.

पहिल्या दिवशी सेफ्टीवाले व्हिडिओ दाखवतील, बूट-गॉगल देतील, रजिस्टरवर सही घेतील. ते होऊ दे. पण लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायच्या मशीनवर, उभं राहणाऱ्याने अंगावर काय चढवायचं त्याच्या आधी अंगावरून काय उतरवायचं ते बघावं. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटाचा दोरा, गळ्यातली चेन, आयकार्डची रिबन, कानातले इअरफोन. देवाचा दोरा आहे म्हणून काढत नाही म्हणणारा एक तरी प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला मी सांगायचो, खिशात ठेव, देवाला चालतं. शर्ट इन हवा. बाही दुमडायची तर कोपराच्या वर आणि आतल्या बाजूने, म्हणजे घडीची कड कशात अडकत नाही.

आणि हातमोजे. घरचे हमखास सांगतील, मोजे घालून काम कर रे बाबा. फिरत्या मशीनवर मोजे अजिबात घालायचे नाहीत. लेथ, ड्रिल, मिलिंग, तिन्हीकडे हेच. उघडं बोट जॉबला, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याला, घासलं तर कातडं सोलतं, पण मोजा अडकला की तो हात घेऊन जातो. हिशोब करून बघ. जॉब फिरवणारा स्पिंडल ६०० आरपीएमवर आहे, म्हणजे मिनिटाला ६०० आणि सेकंदाला १० फेरे. ४० मिमी जॉबचा घेर साधारण १२५ मिमी. काहीतरी ओढलं जातंय हे तुझ्या मेंदूला कळून हात मागे यायला पाव सेकंद जातो. तेवढ्यात अडीच फेरे, म्हणजे फूटभर कापड गुंडाळून झालेलं असतं. म्हणून ‘मी चपळ आहे, पटकन हात काढीन’ या भरवशावर कुणी राहू नये. मोजे घालायचे ते मशीन बंद असताना: धारदार कडेचा जॉब उचलायला, पत्रा हाताळायला, कीस (कापताना निघणारी धातूची तार-चुरा) भरायला.

किसाचंही सांगतो. एमएसवर (माइल्ड स्टील, साध्या पोलादावर) कट चांगला बसला की लांबच लांब निळसर तार निघते. दिसायला सुंदर, पण गरम असते आणि तिची कड ब्लेडसारखी. ती टूलभोवती, म्हणजे कापणाऱ्या हत्याराभोवती, गुंतली की हाताने ओढायची इच्छा होतेच. मशीन थांबव आणि हुकने काढ. हुक मिळाला नाही तर स्टोअरमध्ये माग, नाहीतर जुन्या रॉडचा स्वतः वाकवून घे, फक्त मुठीला बोट अडकेल असं कडं ठेवू नकोस. आणि बटण दाबलं म्हणजे मशीन थांबलं असं नाही. जॉब पकडणारा चक नंतरही फिरत राहतो. तो तळहाताने दाबून थांबवणारे जुने लोक तुला दिसतील. त्यांच्याकडून टूल ग्राइंडिंग शिक, हे शिकू नकोस.

चक की (चक आवळायची चावी) चकमध्ये तशीच सोडून मशीन चालू करणं ही नवीन माणसाची ठरलेली चूक. की गोळीसारखी उडते, आणि ती तुझ्याच बाजूला येईल की समोरच्या मशीनवाल्याकडे जाईल याचा नेम नाही. यावर एकच सवय आहे: की चकमध्ये आहे तोपर्यंत हात कीवरून सुटत नाही. शिंक आली, कुणी हाक मारली, फोन वाजला, तरी की बाहेर काढूनच वळायचं. काही कंपन्यांत स्प्रिंगवाली की असते, ती सोडली की आपोआप बाहेर पडते. तिला लोक वैतागतात आणि स्प्रिंग काढून टाकतात. तुझ्या मशीनच्या कीची स्प्रिंग काढलेली असेल तर सुपरवायझरकडे नवीन माग.

एमरी पेपर जॉबभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एका मुठीत धरायची, हा प्रकार मला सगळ्यात जास्त घाबरवतो. फिनिश पटकन येतं म्हणून सगळे करतात. पेपरने जॉब पकडला की मूठ जॉबवर खेचली जाते. शक्यतो पट्टी लाकडी फळीवर किंवा फाइलवर लावून वापर. ते जमतच नसेल तर दोन टोकं दोन हातांत, बोटाला वेढा न देता, जोर पडला की सुटेल अशी धर.

बेंच ग्राइंडरवर टूलला धार लावायला तुला रोज जावं लागेल. सुरू करताना व्हीलच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला सरकायचं, मिनिटभर मोकळं फिरू द्यायचं, मग टूल लावायचं. टूल रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) आणि व्हील यांच्यातली फट ३ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर टूल आत ओढलं जातं आणि त्यामागोमाग बोट. व्हीलच्या चपट्या बाजूवर घासायचं नाही, ॲल्युमिनियम तिथे न्यायचं नाही. नवीन व्हील बसवणं ॲप्रेंटिसचं काम नाही, पण बसवताना बघ: व्हीलवर छापलेला कमाल आरपीएम मोटरच्या आरपीएमशी ताडतात आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तसं लाकडी मुठीने ठोकून पाहतात. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, व्हील बाद.

आता मामाच्या प्रेसकडे येतो. टर्नर म्हणून घेतात आणि माणूस कमी पडला की ‘जा रे, आजच्या दिवस प्रेसवर बस’ म्हणतात, हे घडतं. पॉवर प्रेसला दोन बटणं एवढ्यासाठी असतात की दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येऊ नये. प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं किंवा सेन्सर बायपास केलेला दिसला तर त्या मशीनवर बसायचं नाही. नाही कसं म्हणायचं, हा खरा प्रश्न आहे, कारण नवीन पोराची तिथे जीभ उचलत नाही. भांडू नकोस. एवढंच म्हण: ‘साहेब, या मशीनचं ट्रेनिंग झालेलं नाही माझं, आणि एक बटण चिकटवलंय. आधी तुम्ही दाखवा.’ हे चारचौघांत ऐकल्यावर बहुतेक सुपरवायझर माघार घेतात. अपघात झाला तर ‘त्याने सांगितलं होतं’ हे त्यांच्यावर येणार असतं.

कुणी म्हणेल, तू कामगार नाहीस, ट्रेनी आहेस, तुला हे नियम लागू नाहीत. लागू आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आरोग्य आणि सुरक्षिततेच्या बाबतीत कारखान्यातल्या ॲप्रेंटिसला कामगारासारखंच धरलंय आणि प्रशिक्षण घेताना इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याच कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तुझ्याकडून ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. मात्र हे सगळं तुझा करार रीतसर नोंदवलेला असेल तर. तोंडी ‘लाग उद्यापासून’ असेल तर पहिल्याच दिवशी कराराची प्रत माग.

हळूहळू होणाऱ्या त्रासाकडे पोरं बघतच नाहीत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथे इअरप्लग हवेतच. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा. नुसता कानात खोचलेला प्लग शोभेचा. कूलंट (कापताना जॉब थंड ठेवायला सोडतात ते तेल-पाणी) लागलेले हात थिनरने धुवायचे नाहीत, साबणाने धुवायचे. कातडी फुटून खाज सुरू झाली तर टर्नरच्या पोटावरच पाय येतो. एअर गनने कपडे झाडायचे नाहीत आणि मस्करीत कुणाच्या अंगावर हवा मारायची नाही. शॉपमध्ये ६-७ बार प्रेशर असतं, जखमेतून हवा रक्तात शिरली तर माणूस दगावू शकतो.

काही झालंच तर: डोळ्यात कण गेला की चोळायचं नाही आणि मित्राकडून रुमालाच्या टोकाने काढून घ्यायचं नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. भाजलं तर नळाखाली २० मिनिटं, टूथपेस्ट नको, बर्फ नको. बोट तुटलं तर तुकडा ओलसर स्वच्छ गॉझमध्ये, तो पिशवीत, आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. जवळच्या कोणत्या हॉस्पिटलमध्ये बोट जोडणारे सर्जन आहेत, हे आधीच विचारून ठेव.

धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी असते. १६ व्या वर्षाची राहिली असेल तर जॉइन व्हायच्या आठवडाभर आधी घेऊन टाक. ऐन वेळी घेतलीस तर दंड धरून फाइल मारावी लागेल.