वाचकांचे प्रश्न : रिजवेवर माउंटन बाइक

दक्षिण इंग्लंडातल्या खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी रिजवे ही वाट निदान पाच हजार वर्षे वापरात आहे असे मानले जाते. तिकडे शिकायला किंवा नोकरीला असलेल्या वाचकांनी सायकलीबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंतची सगळी वाट सायकलवर करता येते का?

नाही. एकूण अंतर सुमारे १३९ किलोमीटर. त्यातला पश्चिमेकडचा अर्धा भाग, म्हणजे एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंतचा, सायकलला खुला आहे. हे अंतर सत्तरएक किलोमीटर भरते. नदी ओलांडली की मध्ये मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठीच्या पायवाटा लागतात आणि तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही.

घोटाळा होतो तो ओकच्या फळाच्या चिन्हामुळे. ते चिन्ह ‘ही नॅशनल ट्रेल, म्हणजे राष्ट्रीय दर्जाची लांब पल्ल्याची वाट, आहे’ एवढेच सांगते, सायकलीबद्दल काहीच सांगत नाही. खांबावरच्या बाणाचा रंग पाहा. पिवळा म्हणजे पायवाट, तिथे सायकल नाही. निळा म्हणजे ब्रायडलवे (घोडेस्वारांनाही खुली वाट), जांभळा म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे (मोटारगाड्यांना बंद) आणि लाल म्हणजे सर्व वाहनांना खुला बायवे. या तिन्हींवर सायकल चालते. ब्रायडलवेवर सायकलला परवानगी मिळाली ती १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने. त्यातली अट मात्र लक्षात ठेवा : पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतले १५७ आणि १७० हे नकाशे पश्चिम भागाला पुरतात, स्ट्रीटलीसमोर नदीपलीकडे असलेल्या गोरिंगच्या टोकाला १७१ लागतो. त्यांवर हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे पायवाट आणि लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे. पूर्वेकडे जायचेच असेल तर स्वान्स वे आणि इकनील्ड वे यांचे घोडेस्वारांसाठी आखलेले मार्ग जोडून घ्या. कोणीतरी चालत जाऊन नोंदवलेली जीपीएक्स फाइल (मार्गाची जीपीएस नोंद) सायकलवर लावून निघू नका.

प्रश्न : ट्यूबलेस टायर, सीलंट भरपूर, तरी एका दिवसात टायर दोनदा फाटला. काय चुकते?

सीलंट, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये घालायचा भोके बुजवणारा द्रव, भोकासाठी असते, चिरेसाठी नव्हे. तिथल्या खडूत गारगोटीचे थर आहेत. फुटलेल्या गारगोटीची कड इतकी धारदार असते की अश्मयुगातला माणूस तिचीच हत्यारे करायचा. ती टायर टोचत नाही, कापते, आणि बहुधा बाजूच्या पातळ भिंतीत कापते. म्हणून वजन वाचवायला घेतलेला हलका रेसिंग टायर इथे नको. बाजूची भिंत जाड केलेला, २.२५ ते २.३५ इंच रुंद टायर घ्या. २९ इंची चाकाला ९० ते १०० मिलिलिटर सीलंट घाला. दोन-तीन महिन्यांनी ते आत वाळून चोथा होते, तेव्हा निघण्याआधी चाक हलवून द्रव डुचमळतो का ते ऐका.

७० किलो वजनाच्या माणसाने पुढे २३-२४ आणि मागे २६-२७ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करावी. हवा फार कमी ठेवली तर दगडावर रिम आपटते आणि टायर चिमटला जातो. फार जास्त ठेवली तर टायर दगडावरून वळसा घेण्याऐवजी धारेवर ताणून बसतो.

चीर पडलीच तर आधी चाक फिरवून चीर खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे साचेल. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतची चीर प्लगने, म्हणजे भोकात खुपसायच्या चिकट पट्टीने, भागते : प्लग अर्धा आत, अर्धा बाहेर, अवजार झटक्यात ओढून काढायचे, मग हवा. त्याहून मोठी किंवा बाजूच्या भिंतीतली असेल तर वेळ घालवू नका. टायर एका बाजूने उतरवा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढा, आतून सगळीकडे बोट फिरवून रुतलेली गारगोटी आणि काटे काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात. महिनोन्‌महिने सीलंटने झाकलेले चार-पाच काटे आत निघतात, आणि ते न काढता घातलेली नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते. चिरेच्या आतून तयार पट्टी किंवा जुन्या टायरचा तुकडा लावा, ट्यूब घाला आणि हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा.

दोन ट्यूब, दोन तयार पट्ट्या, प्लगचा संच आणि हातपंप एवढे हवेच. नुसत्या गॅसच्या नळकांड्यांवर विसंबू नका.

प्रश्न : पावसानंतर किती दिवसांनी जावे?

दोन वेगळ्या जमिनी समजून घ्या. उघडा खडू सच्छिद्र असतो, पाणी खाली मुरते. पण वरचा थर चाकांखाली दळला जाऊन त्याची लोणी-पेस्ट होते आणि ती साबणासारखी निसरडी असते. वारा आणि ऊन मिळाले तर असा पट्टा दोन दिवसांत सुधारतो. याउलट माथ्यावर जागोजाग गारगोटीमिश्रित चिकणमाती आहे. ती आठवडाभर ओली राहते, टायरला थरांवर थर चढतात आणि फॉर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, कमानीत चाक अडकते. थंडीत २.४ इंची टायरपेक्षा २.२ इंची बरा, कारण फ्रेम आणि टायर यांच्यात जागा उरते.

ओल्या खडूवर वळताना ब्रेक लावायचा नाही. वेग वळणाआधी सरळ रेषेत, शक्य तर कडेच्या गवतावर कमी करा. त्या चिखलात गारगोटीची कच असते, तिने रेझिनचे ब्रेक पॅड एका ओल्या दिवसात भुईसपाट होऊ शकतात. धातूची भुकटी दाबून केलेले सिंटर्ड पॅड जास्त टिकतात, आवाज करतात तो करू द्या. घरी आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. खडूचा चिखल वाळला की खरवडून काढावा लागतो.

आमच्या मते मे ते सप्टेंबर हाच काळ. पण कडक उन्हाळाही फसवा असतो, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : खोल चाकोऱ्यांत पुढचे चाक अडकून पडायला होते. उपाय?

ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांनी पाडलेल्या या चाकोऱ्या पावसाळी महिन्यांत मऊ असतात. कोरड्या उन्हाळ्यात त्याच वाळून दगड होतात आणि त्यांची कड चाकाला सरकू देत नाही. वीस-तीस मीटर पुढे पाहून चाकोरी निवडा, निवडल्यावर तिच्यातच राहा. नजर पुढच्या चाकावर खिळली की तोल गेलाच.

बाहेर पडायचे तर तिरपे घासत बाहेर येऊ नका. पडणे होते ते नेमके तिथेच. वेग कमी करा, चाकोरी उथळ झालेली जागा शोधा, पुढचे चाक उचलून जितक्या मोठ्या कोनात जमेल तितक्यात कड ओलांडा, मग वजन पुढे टाकून मागचे चाक आणा. चाकोरी खोल असेल तर पॅडल कडेला आपटते. अशा वेळी पूर्ण फेरा न मारता पाव-पाव फेरा पुढेमागे करत जा. दोन चाकोऱ्यांमधला गवताचा उंचवटा मोहात पाडतो, पण गवताखालचे खड्डे दिसत नाहीत.

प्रश्न : वाटेतल्या प्राचीन गढ्यांवर सायकल नेता येते का?

बार्बरी कॅसल या लोहयुगीन गढीच्या आतूनच वाट जाते. तेवढ्या वाटेवरून जा, मातीच्या तटांवर आणि खंदकांत चाक घालू नका. ही संरक्षित स्मारके आहेत आणि १९७९ च्या कायद्याखाली त्यांची नासधूस गुन्हा आहे. वेलँड्स स्मिदी ही नवाश्मयुगीन थडग्याची जागा वाटेच्या अगदी कडेला आहे. सायकल बाहेर ठेवून चालत जा. अफिंग्टनचा पांढरा घोडा, टेकडीच्या उतारावरचे चित्र, ११० मीटर लांब आणि सुमारे ३००० वर्षांचा, खडू ठासून भरलेल्या चरांनी काढलेला आहे. त्याच्याजवळ पायीच जावे. खरे तर वर उभे राहून तो नीट दिसतही नाही.

प्रश्न : घोडे समोरून आले तर?

थांबा, किंवा अगदी हळू व्हा. मागून जात असाल तर लांबूनच मोठ्याने बोला, घोड्याला माणसाचा आवाज कळतो. वाटेजवळच्या लँबोर्न गावाच्या परिसरात शर्यतीचे घोडे तयार करतात. गवताच्या गुळगुळीत सराव-धावपट्ट्या कितीही मोहक दिसल्या तरी त्यांवर सायकल नको.

प्रश्न : पश्चिमेकडचा अर्धा भाग एका दिवसात होतो का? पाण्याचे काय?

सराव असेल तर होतो, सहा-सात तास धरा. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, म्हणून ओव्हरटन हिलकडून स्ट्रीटलीकडे जा.

खडूत पाणी मुरते, त्यामुळे माथ्यावर ओढे नाहीत. झरे पायथ्याशी फुटतात आणि गावेही त्याच रेषेत वसली आहेत. म्हणजे दुकान किंवा पबसाठी शंभरएक मीटर उतरून पुन्हा तेवढेच चढायचे. वाटेवर मोजके नळ आहेत, ते आधी नकाशावर टिपून ठेवा आणि तरी तीन लिटर पाणी घेऊन निघा. दोन दिवसांचा बेत असेल तर लक्षात घ्या, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू टाकणे बेकायदा आहे.

जाताना स्विंडन स्टेशन सोयीचे. परतीला गोरिंग अँड स्ट्रीटलीहून गाडी घेऊन डिडकॉट पार्कवेला बदलली की पुन्हा स्विंडन. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलीची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवा, आणि लंडनकडच्या लोकल गाड्यांत ऐन गर्दीच्या वेळी सायकल घेत नाहीत, तेव्हा परतीची गाडी उशिराची धरा.